सात दरवाजांआडचे घर

घर सुरक्षित असावे, ही कोणत्याही आईची पहिली इच्छा. १६२९ साली जिजाऊंपुढे मात्र हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन उभा राहिला. त्याचे उत्तर जुन्नरच्या शिवनेरीवर मिळाले.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या घरी १५९८ मध्ये जन्मलेल्या जिजाऊंनी लहानपणापासून भक्कम वाडा आणि दाराशी पहारा पाहिला होता. परंतु जुलै १६२९ मध्ये लखुजीराव आपल्या मुलांसह दौलताबादला निजामशहाच्या दरबारात गेले आणि तेथेच त्यांची हत्या झाली. ज्या किल्ल्याची तटबंदी दख्खनमध्ये अभेद्य मानली जात होती, त्याच्या आतच घात झाला. या काळात जिजाऊ गरोदर होत्या. शहाजीराजांच्या मागे युद्धाची धामधूम होती आणि पुण्याची जहागीर शत्रूच्या फौजेने जाळून उद्ध्वस्त केली.

अशा वेळी शिवनेरीची निवड झाली. त्रिकोणी आकाराचा हा डोंगर चहूबाजूंनी ताशीव कड्यांनी वेढलेला आहे. वर जाणाऱ्या मुख्य वाटेवर एकामागून एक सात दरवाजे आहेत: महादरवाजा, परवानगीचा, हत्ती, पीर, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. अशा दरवाजांच्या जाड फळ्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले असत, म्हणजे हत्तीला धडक देता येत नसे. आतून भिंतीच्या खोबणीत आडवा अडसर सरकवला जाई आणि शेजारच्या देवडीत पहारेकरी बसत. शत्रूने एक दरवाजा फोडला तरी पुढचा बंदच असे. वर पाण्याची टाकी आणि धान्याचे अंबरखाने असल्याने दारे लावून दीर्घकाळ तग धरता येई. सात दरवाजांच्या या गडालाही मागची एक वाट होतीच. कड्यावरून साखळी धरून चढणारी ती वाटही राखावी लागे. म्हणूनच गडावरच्या माणसांना दरवाजांइतकेच महत्त्व होते. गडाचे किल्लेदार विश्वासराव हे भोसल्यांचे व्याही. त्यांची कन्या जिजाऊंच्या थोरल्या मुलाला, संभाजीराजांना दिलेली. दरवाजांच्या किल्ल्या सोयऱ्यांच्या हाती होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी याच गडावर शिवराय जन्मले.

पुढे गड सुटला आणि तो मोगलांकडे गेला. जिजाऊ पुण्यात आल्या आणि तेथे लाल महाल उभा राहिला. उजाड झालेला मुलूख त्यांनी पुन्हा वसवला, न्यायनिवाडे केले. १६५७ मध्ये शिवरायांनी जुन्नरच्या तटाला रात्री दोराच्या शिड्या लावल्या आणि शहरातून तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. १६६० मध्ये शाहिस्तेखान लाल महालात येऊन राहिला. बाहेर त्याची प्रचंड फौज होती. तरीही ५ एप्रिल १६६३ च्या रात्री मुदपाखान्याकडचे, विटामातीने बुजवलेले दार फोडून मावळे आत शिरले. ज्या घरात शिवराय वाढले, त्याच्या भिंती खानापेक्षा त्यांना अधिक ठाऊक होत्या. १६६६ मध्ये ते आग्ऱ्यात कडक पहाऱ्यात अडकले, तेव्हा इकडे राज्याचे दार जिजाऊंनी सांभाळले.

शिवनेरी मात्र त्यांना परत लाभला नाही. १६७३ मध्ये किल्लेदार अझीजखानाला वश करून गड घेण्याचा प्रयत्न झाला, पण तो फसला. ज्या दरवाजांनी बाळ शिवाजीला राखले, तेच दरवाजे राजा झालेल्या शिवाजीला उघडले नाहीत. त्यानंतर थोड्याच काळाने जुन्नरला आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी शिधासामग्री असल्याची नोंद केली.

रायगडावरची थंड, वादळी हवा मानवेना, म्हणून पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंसाठी तटबंदीचा वाडा बांधण्यात आला. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्याच पाचाडात जिजाऊंनी देह ठेवला.

आज शिवजयंतीला जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून माणसे शिवनेरीच्या पायऱ्या चढतात. ते दरवाजे आता दिवसभर उघडे असतात. एकेकाळी मात्र ते बंद राहिले आणि त्यांच्या अडसरांमागे विश्वासू माणसे जागी होती, म्हणून एका आईला निर्धास्त झोप मिळाली.