रक्तवाहिनीच्या भिंतीतला दाह ओळखणारे डॉ. रुडॉल्फ फिरखो

हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज आहे असे कळले, की पाइपात कचरा साचल्याचे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर येते. स्टेंट टाकला, पाइप मोकळा झाला, मग गोळ्या कशाला, असे बरेच रुग्ण विचारतात. याचे उत्तर एका जर्मन डॉक्टरच्या कामात सापडते.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १८२१ साली पोमेरेनियात झाला. बर्लिनमध्ये डॉक्टर झाल्यावर ते शवविच्छेदनाकडे वळले. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १८४८ मध्ये सरकारने त्यांना सायलीशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. साथीचे मूळ गरिबी, उपासमार आणि निरक्षरता यांत आहे, असा अहवाल त्यांनी दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीत ते उतरले आणि पुढच्या वर्षी बर्लिनमधले पद गमावून वुर्झबर्गला गेले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. आजार पेशींपासून सुरू होतो, हा विचार त्यांनी १८५८ मध्ये व्याख्यानांतून मांडला.

व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत, की रक्तातले घटक रक्तवाहिनीवर बाहेरून साचतात. फिरखोंच्या मते आजार भिंतीच्या आत होता आणि तो एक प्रकारचा दाह, म्हणजे सूज होती. चरबी नंतर येते असे त्यांना वाटे. तेवढे मात्र बरोबर नव्हते.

आज आपल्याला काय माहीत आहे? जादा एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरून बिघडते. त्यामुळे अस्तराच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा जागी होते. जणू धोक्याची घंटाच! मग पेशींच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने येतात. पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून आत शिरतात, चरबी गिळून फुगतात आणि आणखी पेशींना बोलावणारे संदेश सोडतात. या गाठीचे आवरण फाटले, की वर रक्ताची गुठळी होते आणि हार्ट अटॅक येतो.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, एलडीएल कमी न करता फक्त दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनने हार्ट अटॅक घटले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र वाढले, आणि ते नेहमीच्या उपचारात आले नाही. तरी दाहाचा मुद्दा खरा ठरला.

फिरखोंनी बर्लिनला गटारे आणि शुद्ध पाणी मिळावे म्हणूनही झटून काम केले. १९०२ च्या जानेवारीत चालत्या ट्राममधून उतरताना त्यांचे मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो, पण आजार इतर भिंतींतही असतो. स्टॅटिनची गोळी एलडीएल उतरवते आणि दाहही शमवते. रिपोर्ट नॉर्मल आला तो बहुधा गोळीमुळेच. त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. तंबाखू सोडा, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा.