रेव्हरंड नारायण वामन टिळक : रानाची ओढ आणि घराची माया

ज्या गोदावरीचें पाणी नांदेडच्या घाटांवरून वाहतें, आणि आमच्या लातूर भागांतील मांजरा नदी जिला शेवटीं जाऊन मिळते, तिचा उगम नाशिकजवळ त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत आहे. त्या नदीच्या वरच्या कांठीं, नाशिक येथें, सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं आईवेगळा झालेला एक मुलगा विद्येच्या शोधांत येऊन राहिला. पुढें त्यानें रचिलेलीं शंभराहून अधिक गीतें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेंत आलीं. आमच्या खेड्यांतील ज्या भगिनींना अक्षरओळख नाहीं, त्यांनाही त्यांतील कांहीं तोंडपाठ असतात. परंतु तीं गीतें करणारा मनुष्य आपल्या घरांत कसा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. लोकमान्य टिळक ते निराळे, हें येथेंच सांगून ठेवितों.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ असून कवितेची गोडी मुलास तिच्यापासूनच लागली. कोंकणांतील डोंगर, ओढे व झाडी यांच्या सान्निध्यांत त्यांचें बाळपण गेलें. आई लवकर वारली, आणि तिच्यामागें त्या घरांत मुलाचें मन रमेना. तो घर सोडून नाशिकास आला व तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. आईची माया तुटल्याचें दुःख व मोकळ्या वाटेची ओढ या दोन गोष्टी लहानपणापासूनच त्यांच्या अंगीं अशा एकत्र आल्या.

1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले यांच्या मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें. वधूचें वय तेव्हां अकरा-बारा वर्षांचें होतें, व तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. टिळकांनीं स्वतः तिला अक्षरें शिकविलीं. त्या काळीं बायकोला शिकविणें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांचा व शेजाऱ्यांचा उपहास ओढवून घेणें होय. परंतु टिळकांनीं त्याची पर्वा केली नाहीं.

तथापि संसाराचें गाडें सुरळीत चालेना. टिळकांचें चित्त एका ठिकाणीं ठरत नसे. वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगांव अशा गांवोगांवीं त्यांचीं बिऱ्हाडें झालीं. हातांत आलेला पैसा समोरच्या गरजवंतास देऊन टाकावा आणि घरांत सायंकाळीं काय शिजेल याचा विचारही मनांत येऊं नये, अशी त्यांची रीत. मनांत आलें कीं कोणास न सांगतां घरांतून निघावें व पायींच दूर जावें; कोठें गेले, केव्हां येणार, याचा घरीं पत्ता नसावा. रानावनांतून व नदीकांठानें हिंडतांना त्यांस कविता सुचे. त्याच वेळीं घरीं लक्ष्मीबाई दाराकडे डोळे लावून बसलेल्या असत. हा दोष आम्हीं झांकून ठेवीत नाहीं. त्या माउलीनें स्वतः आपल्या आठवणींत तो लिहून ठेविला आहे, आणि असें असूनही त्या पुस्तकांत पतीविषयींचें प्रेम पानोपानीं दिसतें.

1893 च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गांठ पडली. त्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. तो वाचतां वाचतां त्यांच्या मनांत मोठी खळबळ उडाली, व 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ती बातमी लक्ष्मीबाईंना मागाहून कळली. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हां तीन-चार वर्षांचा होता. दुःखानें लक्ष्मीबाईंची स्थिति वेड लागल्यासारखी झाली. माहेरच्या माणसांच्या आधारानें त्यांनीं दिवस कंठिले; कांहीं काळ मुलास घेऊन त्या पंढरपुरास राहिल्या.

पतिपत्नींची ही ताटातूट सुमारें साडेचार वर्षें चालली. बाप्तिस्म्याच्या वेळीं ज्या मनुष्यानें पत्नीस पुसलें नाहीं, तोच मनुष्य आतां तिची वाट पाहूं लागला. त्यांनीं दुसरा संसार केला नाहीं, आणि तिला बळजबरीनें आपल्या धर्मांतही ओढलें नाहीं. ते पत्रें पाठवीत राहिले. वियोग म्हणजे काय हें आजवर लक्ष्मीबाईंनीं अनेकदां सोसलें होतें. आतां तें टिळकांस सोसावें लागलें. आमच्या मतें टिळकांतील गृहस्थ या वर्षांत घडला.

अखेर लक्ष्मीबाई मुलास घेऊन अहमदनगरास आल्या. आरंभीं त्या आपलें सोंवळें संभाळून निराळ्या राहत, आपलें पाणी व आपला स्वयंपाक निराळा ठेवीत. टिळकांनीं त्याविषयीं हट्ट धरिला नाहीं. हळूहळू जातिभेदाची भावना त्यांच्या मनांतून आपोआप गळून पडली, आणि 1900 सालीं त्यांनीं आपल्या खुषीनें बाप्तिस्मा घेतला. जें घाईनें साधलें नसतें तें धीरानें साधलें.

त्यानंतर नगर व राहुरी येथील टिळकांचें घर कसें होतें, हें सांगण्यासारखें आहे. टिळक नगरच्या सेमिनरींत शिकवीत. 1904 सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. हिंडण्याची आवड गेली नाहीं, परंतु आतां तिनें घराशीं सलोखा केला. फुलांवर व मुलांवर त्यांनीं इतक्या कविता केल्या कीं महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचे कवि म्हणूं लागला. दुष्काळाच्या व प्लेगच्या त्या वर्षांत या दाम्पत्यानें आजाऱ्यांची सेवा केली व पोरक्या लेंकरांना जवळ केलें. घरीं कोण येईल व किती दिवस राहील याचा नेम नसे, आणि लक्ष्मीबाईही आतां त्यांत मनानें सामील असत.

अशा येणाऱ्यांपैकीं एक होते खानदेशांतील त्र्यंबक बापूजी ठोंबरे. 1907 सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें, त्यांत या सतरा वर्षांच्या मुलास बालकवि ही पदवी मिळाली. टिळकांनीं त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें, व लक्ष्मीबाईंनीं त्यास मुलासारखें वागविलें. तो ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरांत राहिला व ब्राह्मणच राहिला. त्यामुळें प्रेमांत उणें पडलें नाहीं. ओढा, पक्षी, फूल व संध्याकाळ यांवर बालकवींनीं पुढें जें लिहिलें, तें मराठी भाषेचें भूषण आहे. 5 मे 1918 रोजीं खानदेशांतील भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला.

टिळकांच्या दोन कवितांचा येथें उल्लेख केला पाहिजे. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेंत कवीची रानांतील एका फुलाशीं भेट होते, आणि जगाचा त्याग करून एकांतांत राहावें कीं लोकांमध्यें राहून त्यांच्या उपयोगीं पडावें, याचा त्यांत खल आहे. हा वाद पुस्तकांतला नव्हता. टिळकांच्या जन्मभराचा तो प्रश्न होता. दुसरी कविता ‘केवढें हें क्रौर्य’ ही होय. शिकाऱ्यानें घायाळ केलेली एक पक्षीण पडत धडपडत आपल्या घरट्यापर्यंत पोंचते, पिलांसाठीं चोंचींत आणिलेला चारा त्यांस देते व प्राण सोडते. महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं ही कविता शाळेंत पाठ केली आहे. रानांतील पांखरूं पाहतां पाहतां टिळकांस तेथेंही घरच दिसलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

1912 पासून मरेपर्यंत ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. 1917 सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें, संन्यास घेतला आणि सातारा येथें देवाचा दरबार या नांवाची नवी संस्था आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीं व न घेतलेल्यांनीं एकत्र बसून ख्रिस्ताचें शिष्यत्व पत्करावें, अशी तिची कल्पना होती. संन्यास म्हटला कीं बायकोमुलें सोडणें आलें, असें आपल्या देशांत मानितात. तरुणपणीं न सांगतां घराबाहेर पडणाऱ्या टिळकांनीं म्हातारपणीं संन्यास घेऊनही घर टाकिलें नाहीं. साताऱ्यास लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. पुढें प्रकृति ढासळली, व 9 मे 1919 रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्यामागें त्यांच्या घरानें काय केलें, यावरूनही त्यांची परीक्षा होते. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करण्याचें ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें काम अपुरें राहिलें होतें. आरंभीचे थोडे अध्याय तेवढे झाले होते. जिला त्यांनीं अक्षरें गिरवावयास लाविलें, त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढचे 64 अध्याय रचिले. त्याही 24 फेब्रुवारी 1936 रोजीं निवर्तल्या. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, यांनीं लिहिला, आणि 1938 सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. पति, पत्नी व पुत्र यांच्या हातून एकच ग्रंथ पुरा व्हावा, हें भाग्य फार थोड्या घरांस लाभतें. लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र तर मराठींतील उत्तम पुस्तकांत गणलें जातें.

आमच्या उपदेशक बंधूंना या चरित्रांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. आपलें कामच घराबाहेरचें. आज या वाडीवर, उद्यां त्या वस्तीवर. कोठें आजारी, कोठें भांडण, कोठें लग्न. तुरीच्या शेताच्या बांधानें मोकळ्या वाऱ्यांत चालतांना मन प्रसन्न होतें, आणि लोक आदरानें बसावयास घोंगडी टाकितात. घरीं मात्र पीठ संपलेलें असतें, पोर तापानें फणफणलेलें असतें, व कारभारीण कोणाजवळ बोलत नाहीं. बाहेर गोड व घरीं मुका, असा मनुष्य आपल्यांत विरळा नाहीं. देवाच्या कामाचें नांव पुढें केलें म्हणजे पत्नीस पुसण्याचें कारण उरत नाहीं, अशी समजूतही दिसून येते. टिळकांचे पूर्वार्धांतील दिवस अशांनीं वाचावे, आणि ती साडेचार वर्षें विशेष लक्षपूर्वक वाचावीं.

कोठें जातों व केव्हां येऊं, एवढें तरी घरीं सांगून निघावें. रात्रीं परत आल्यावर दिवसभरांत काय पाहिलें तें मुलांजवळ बसून सांगावें. पत्नीस वाचतां येत नसेल तर दिव्याजवळ अर्धा तास तिच्यासाठीं राखून ठेवावा. पावसाळ्यांत ओढा वाहूं लागला कीं एखादे दिवशीं सर्व कुटुंबास तेथें न्यावें, आणि देवानें निर्मिलेलें त्यांस दाखवावें. यास पैसा लागत नाहीं. टिळकांजवळही तो कधीं नव्हता.