टॉमस विलिस : मेंदूच्या धमनीचक्राचा शोधक

सापगावच्या परिसरातील विद्यार्थ्यांस भातसा नदी व शेतामळ्यांतील पाट परिचयाचे आहेत. मळ्यास दोन वाटांनी पाणी येत असेल, तर एक पाट गाळाने तुंबला तरी दुसऱ्याने पिकाची तहान भागते. परंतु सारा मळा एकाच पाटावर अवलंबून असेल, तर तो क्षणभर अडविण्यापूर्वीही शहाणा शेतकरी दहादा विचार करील. मनुष्याच्या मेंदूस रक्तही असेच अनेक वाटांनी पोहोचते. त्या वाटांचे मर्म ज्यांनी जगास उलगडून दाखविले, त्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

विलिस यांचा जन्म ता. २७ जानेवारी १६२१ रोजी इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, ग्रेट बेडविन या गावी झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण चालू असता राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. त्या धामधुमीतच १६४६ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. आरंभी त्यांजपाशी ना पैसा होता, ना नाव. एका सोबत्याबरोबर भागीत घोडा ठेवून ते बाजाराच्या दिवशी जवळच्या ॲबिंग्डन गावी जात व तेथे रोगी तपासीत. पुढे त्यांस विपुल द्रव्यप्राप्ती झाली, तरी रविवारची मिळकत गोरगरिबांस वाटण्याचा आपला नेम त्यांनी मोडला नाही.

१६५० सालच्या डिसेंबर महिन्यात एक विलक्षण प्रसंग घडला. ॲन ग्रीन नावाच्या एका मोलकरणीस ऑक्सफर्ड येथे फाशी दिल्यावर तिचे शव विच्छेदनासाठी वैद्यांच्या स्वाधीन करण्यात आले. शवपेटी उघडताच तिच्या घशातून श्वासाची घरघर ऐकू आली. विल्यम पेटी, विलिस व त्यांचे सहकारी यांनी शस्त्र बाजूस ठेविले आणि ऊब व औषधे देऊन तिला शुद्धीवर आणिले. तिला क्षमा मिळाली, व पुढे विवाह करून ती संसारात रमली. शस्त्र चालविण्यापूर्वी नीट पाहावे, हा धडा त्या दिवशी एका जिवाच्या मोलाचा ठरला.

१६६० साली विलिस ऑक्सफर्ड येथे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. रिचर्ड लोअर यांच्या साहाय्याने त्यांनी मेंदूचे विच्छेदन केले. पुढे वास्तुशिल्पकार म्हणून कीर्ती पावलेल्या ख्रिस्तोफर रेन यांनी चित्रे काढून दिली, आणि १६६४ साली मेंदूच्या शरीररचनेवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानेतून चार मोठ्या धमन्या मेंदूकडे जातात : पुढून दोन ग्रीवाधमन्या व मागून मणक्यांलगतच्या दोन. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा मिळून एक वर्तुळ होते. ते विलिस यांच्यापूर्वीही काहींनी पाहिले होते. परंतु त्याचे प्रयोजन विलिस यांनी ओळखिले. एका ग्रीवाधमनीत रंगीत द्रव सोडला असता तो दुसऱ्या बाजूसही पोहोचतो, हे त्यांनी दाखविले. एका मृत मनुष्याची एक ग्रीवाधमनी दगडासारखी कठीण होऊन बुजलेली त्यांस आढळली. तथापि त्या मनुष्यास जिवंतपणी पक्षाघात झाला नव्हता. कारण त्याच बाजूची मागची धमनी फुगून मोठी झाली होती.

परंतु सर्वांचे वर्तुळ सारखे नसते, हे पुढे उघड झाले. गर्भाच्या पहिल्या महिन्याच्या अखेरीस ग्रीवाधमनी व मेंदूमागील धमनी यांस जोडणाऱ्या काही तात्पुरत्या वाहिन्या असतात. कायमच्या वाटा तयार होताच त्या सुमारे आठवड्याभरात लोपतात. क्वचित एखादी जन्मभर टिकते. अशी एक धमनी १८४४ साली रिचर्ड क्वेन यांनी वर्णिली. हजारांत एखाद-दोन व्यक्तींत ती आढळते. दुसरी एक याहूनही विरळ असून जिभेस चालविणाऱ्या मज्जातंतूच्या छिद्रातून ती कवटीत शिरते. ती असली म्हणजे मणक्यांलगतच्या धमन्या बहुधा बारीक राहतात, आणि मेंदूचा मागील भागही त्या ग्रीवाधमनीच्याच आधारावर जगतो.

१९५० नंतरच्या दशकात ग्रीवाधमनीतील साका काढून पक्षाघात टाळण्याची शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली. त्यासाठी ती धमनी काही वेळ चिमट्याने बंद करावी लागते. वर्तुळ पूर्ण असेल तर बहुधा बाधा होत नाही. पण वरील प्रकारच्या रोग्यात मेंदूच्या पुढील व मागील अशा दोन्ही भागांचे रक्त एकाच वेळी तुटण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रवैद्य आधी धमन्यांची चित्रे घेऊन वाटा पाहून ठेवितात, मेंदूच्या कार्यावर लक्ष ठेवितात, व गरज पडल्यास धमनीत नळी बसवून रक्त वाहते ठेवितात.

विलिस १६६७ साली लंडनास गेले. तेथे ता. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी फुप्फुसदाहाने त्यांचे देहावसान झाले, व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांस समाधी मिळाली. ते वर्तुळ आजही त्यांच्याच नावाने ओळखिले जाते.

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथातील चित्र पुष्कळांचे असते. समोरचा रोगी मात्र एकटाच असतो. तुमच्यापैकी जे उद्या वैद्य होतील, त्यांनी चित्र अवश्य पाठ करावे. परंतु हात चालविण्यापूर्वी समोरच्या मनुष्याकडे पाहण्यास विसरू नये.