नामयाची दासी जनी
(आषाढी एकादशी विशेष)

आमच्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या आयुष्याची वाट मोठ्या विचाराने आखून ठेविली आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास असे चार मुक्काम. प्रत्येक मुक्कामी मनुष्याची ओळख निराळी, कर्तव्य निराळे. परंतु ही वाट प्रामुख्याने उपनयन झालेल्या पुरुषाची. स्त्रीसाठी स्मृतिकारांनी सांगितले ते इतकेच की, बाल्यात तिने पित्याच्या, यौवनात पतीच्या आणि वार्धक्यात पुत्राच्या आश्रयाने असावे. मग जिला पिता अंतरला, पती नाही, पुत्र नाही, अशा स्त्रीने स्वतःस कोण म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत धुंडीत बसण्याचे कारण नाही. सोनपेठच्या शिवारास स्पर्शून जी गोदामाई पुढे गंगाखेडास जाते, तिच्याच तीरावर ते उत्तर जन्मास आले.

गंगाखेडच्या दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याची ही कन्या. आई लहानपणीच गेली. पुढे बापाने पोरीला पंढरपुरास नेऊन दामाशेटी शिंप्याच्या घरी ठेविले, असे परंपरा सांगते. दुसरी कथा अशी की, यात्रेस आलेली ती चिमुरडी विठ्ठलाच्या पायांपासून हलेचना आणि मायबापांना रित्या हाताने परतावे लागले. कीर्तनात आम्ही मंडळी दुसरी कथा अधिक रंगवून सांगतो, कारण ती श्रोत्यांना गोड वाटते. परंतु जनाबाईचे अभंग वाचताना पहिलीच खरी वाटू लागते. मायबाप मागे टाकून आलेल्या मुलीची ऐट त्यांत नाही. आहे ती पोरके झालेल्या लेकराची हाक. विठ्ठलाला ती आई म्हणते, बाप म्हणते. आपल्याला दुसरे कोणी उरले नाही, हे त्याला पुनःपुन्हा ऐकविते.

दामाशेटींच्या घरी ती दासी झाली. झाडलोट, सडासारवण, दळण, कांडण, पाणी, गोवऱ्या. घर भक्तांचे खरे, पण मोठ्या खटल्याचे. दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे नामदेवांचे चार पुत्र व त्यांच्या चार बायका. कन्या लिंबाई आणि बहीण आऊबाई. ही झाली चौदा माणसे. पंधरावी जनी. या पंधरा जणांच्या नावे अभंग सांगितले जातात, म्हणजे दासीचीही गणना झाली, यात त्या घराचा मोठेपणा आहेच. तरी वाचकहो, दळण मात्र सर्वांचे पंधरावीलाच दळावे लागे!

येथे उपनिषदांतील एका स्त्रीची आठवण येते. छांदोग्यातील जबाला. अनेकांच्या घरी सेवा करीत वाढलेली. मुलाचे गोत्र तिला सांगता येईना. पुत्र सत्यकाम आईच्याच नावाने गुरूकडे गेला आणि त्या सत्यकथनाने गुरूच्या मनास उतरला. पुढे सत्यकाम ब्रह्मवेत्ता झाला. पण जबालेचे पुढे काय झाले, हे उपनिषद सांगत नाही. जनाबाईचे वेगळेपण हेच की, येथे सेवा करणारी स्त्री स्वतःच बोलली आहे.

तिच्या अभंगांवर तिथी नाहीत. त्यांचा क्रम आपणच भावावरून लावायचा. परंतु साडेतीनशेच्या आसपास असलेल्या त्या अभंगांत वयाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. प्रथम लेकराचा हट्ट. मग यौवनातील रुसवा. येथे ती देवाला शिव्याही मोजते, आणि त्या ऐकून ज्या भाविकांना संकोच वाटतो त्यांनी आपल्या घरातील आई-लेकींचे बोलणे आठवावे. मग एक निराळेच धाडस. डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी तमा नाही, टाळ-वीणा घेऊन भरल्या बाजारातून जाईन, असे ती सांगते. तेराव्या-चौदाव्या शतकातील एका दासीने हे म्हणावे! स्त्रीजन्म मिळाला म्हणून खेद करू नये, हा धीरही तिच्याच अभंगातून मिळतो.

लोकांच्या दृष्टीने मात्र ती दासीच होती, आणि एके दिवशी चोरही ठरली. विठ्ठलाच्या गळ्यातील पदक नाहीसे झाले आणि ते जनीच्या वाकळेत सापडले. रात्री देव तिच्याकडे येऊन गेला, जाताना आपला शेला समजून तिची वाकळ पांघरून गेला, हे कोण मानणार? सुळाची शिक्षा झाली. पण चंद्रभागेच्या वाळवंटात सुळाचे पाणी झाले. ही कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. कबीर जनीच्या गोवऱ्या ओळखावयास आले ही दुसरी कथा मात्र काळाच्या हिशेबात बसत नाही, कारण कबीर तिच्यानंतर झाले. असो.

ज्ञानेश्वर माउलींनी 1296 मध्ये आळंदीस समाधी घेतली. नामदेवराय उत्तरेत पंजाबापर्यंत कीर्तनाची ध्वजा घेऊन गेले. जनी पंढरीतच जात्यापाशी राहिली. तिची तीर्थयात्रा जात्याच्या पाळीभोवती झाली, आणि तेथेच देव तिच्याबरोबर दळू लागला. उत्तर वयातील म्हणावे अशा अभंगांत रुसवा नाही, मागणे नाही. अन्न, पाणी, अंथरूण, आत, बाहेर सर्वत्र देवच भरला आहे, असा तिचा अनुभव बोलतो. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी तिने एका अभंगात दिली आहे. चोखोबांचे अनंतभट्टाने, आणि आपले स्वतःचे प्रत्यक्ष पांडुरंगाने, असे ती निःसंकोच सांगते. ज्या पोरीला स्वतःचे घर नव्हते, तिचा हा अधिकार!

आणि तरीही नाममुद्रा बदलली नाही. शेवटपर्यंत नामयाची दासी जनी. मला यात नुसती नम्रता दिसत नाही. जगाने लादलेली ओळख तिने टाकून दिली नाही; तीच उचलून अभंगाच्या शेवटी शिक्क्यासारखी उमटविली. बालपणी जो शब्द तिच्यावर ओझे म्हणून आला, तोच वार्धक्यात तिची सही झाला.

शके 1272, म्हणजे 1350 च्या आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी महाद्वारी देह ठेविला. परंपरेप्रमाणे परिवारही त्यांच्याबरोबर गेला. गरोदर असलेली थोरली सून लाडाई तेवढी मागे राहिली. जनी मात्र बरोबर होती. पंढरीजवळच्या गोपाळपुरात तिचे जाते आजही दाखवितात. मराठवाड्यातील घरोघरीची जाती आता कोपऱ्यात गेली. पण ज्या वृद्ध स्त्रियांना पहाटेच्या ओव्या पाठ आहेत, त्या अजूनही जनीला संत म्हणून हाक मारीत नाहीत. आपल्याबरोबर दळावयास बसलेली सखी, अशीच तिला साद घालतात.