पाचाडच्या आऊसाहेब

जिजाऊ म्हटलं की आपल्याला लाल महाल आठवतो, बाळ शिवबा आठवतो. मला मात्र आठवतात त्या पाचाडच्या, सत्तरी ओलांडलेल्या जिजाऊ. आमच्या गडबवरून जाणारा गोवा हायवे पुढे महाडला पोचतो. तिथून आत वळलं की रायगडाच्या पायथ्याशी पाचाड.

१५९८ साली सिंदखेडला जन्मलेली ही लेक. पुढे पुणे, मग राजगड. घर लावायचं, जरा रुळायचं, की पुन्हा हलायचं! १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागचा कारभार त्यांनीच सांभाळला. नंतर राजधानी रायगडावर आली. उतारवयात पुन्हा नवा डोंगर! वरचा गार वारा आऊसाहेबांना मानवेना, म्हणून महाराजांनी पाचाडला वाडा बांधून दिला, असं सांगतात. मुलगा गडावर, आई पायथ्याशी. आपल्याकडे लगेच कुजबुज झाली असती, नाही का?

वाड्याची आता जोती उरलीत, पण विहिरी आहेत. एकीच्या काठाला दगडी तक्क्या आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. तिथे टेकून त्या बाजाराला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करत म्हणे. कारभार मुलाकडे गेला, तरी लोकांत बसणं काही त्यांनी सोडलं नाही. नोकरी संपल्यावर दिवस कसा खायला उठतो ते मी अनुभवलंय, म्हणून मला ती विहीर फार आवडते.

६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. शहात्तर वर्षांच्या आईने तो गडावर डोळे भरून पाहिला. १७ जूनला पाचाडच्या वाड्यात त्या गेल्या. समाधीही पाचाडलाच आहे.