रॉजर लम्ली
सर लॉरेन्स रॉजर लम्ली, स्कारबरोचे ११वे अर्ल (२७ जुलै १८९६ – २९ जून १९६९) हे ब्रिटिश घोडदळातील अधिकारी, हुजूर पक्षाचे राजकारणी आणि १९३७ ते १९४३ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. प्रांतिक स्वायत्ततेचा प्रयोग आणि १९४२चे 'चले जाव' आंदोलन या परस्परविरोधी घटना त्यांच्या एकाच कारकिर्दीत घडल्या.

प्रारंभीचे जीवन
लम्ली यांचा जन्म यॉर्क येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील लष्करात होते. ईटन व सँडहर्स्ट येथील शिक्षणानंतर ते ११व्या हुसार्स या घोडदळ पलटणीत दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढले. युद्ध संपल्यावर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेतले. १९२२ ते १९२९ हल पूर्व आणि १९३१ ते १९३७ यॉर्क या मतदारसंघांतून ते संसदेत निवडून आले. ऑस्टिन चेंबरलेन व अँथनी ईडन यांचे संसदीय खाजगी सचिव म्हणूनही त्यांनी काम केले.

मुंबईचे गव्हर्नर
सप्टेंबर १९३७मध्ये लॉर्ड ब्रेबर्न यांच्या जागी लम्ली मुंबईत आले, तेव्हा बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ नुकतेच अधिकारावर आले होते. १९३५च्या कायद्याने गव्हर्नरकडे विशेषाधिकार राखून ठेवले असले, तरी दैनंदिन कारभार मंत्र्यांच्या हाती होता. ज्यांना कालपर्यंत सरकारने तुरुंगात ठेवले होते, त्यांच्याच सल्ल्याने आता गव्हर्नराला चालावे लागे. कुळकायदा, मुंबईतील दारूबंदी आणि १९३८चा वादग्रस्त औद्योगिक कलह कायदा ही या मंत्रिमंडळाची कामे. त्यांपैकी शेवटच्या कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकर व साम्यवादी पुढाऱ्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप पुकारला होता.

भारतीयांना न विचारता देशाला महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९३९पासून कलम ९३ अन्वये सारी सत्ता लम्ली यांच्या हाती एकवटली. म्हणूनच १९४२मध्ये प्रांतात जे घडले, त्याची जबाबदारी मंत्र्यांवर ढकलता येत नाही.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत गांधीजी व काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पकडले गेले. त्यांना घेऊन निघालेली खास गाडी कर्जत, पळसदरीवरून बोरघाट चढून गेली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढारी अटकेत पडल्यावर चळवळ शांत होईल हा सरकारचा अंदाज साफ चुकला. ९ सप्टेंबरला नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार गोळीबारात बळी पडला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. कर्जत, मुरबाड भागात आजही हा दिवस पाळला जातो; त्या वेळी गव्हर्नर कोण होते, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपवास केला. तो ३ मार्चला सुटला आणि त्याच महिन्यात लम्ली यांची मुदत संपली. त्यांच्यानंतर सर जॉन कॉल्व्हिल गव्हर्नर झाले.

उत्तरायुष्य
१९४५मध्ये चुलत्यांच्या निधनानंतर लम्ली अर्ल झाले. त्याच वर्षी काही काळ ते भारत व ब्रह्मदेश खात्याचे उपमंत्री होते. आशियाई, आफ्रिकी व पूर्व युरोपीय भाषांच्या अध्ययनासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. या आयोगाच्या १९४७च्या अहवालामुळे ब्रिटिश विद्यापीठांतील पौर्वात्य अभ्यासाला मोठे अनुदान मिळाले. भारतावरील राज्य संपत असतानाच त्याच्या भाषांचा अभ्यास वाढवण्याची शिफारस व्हावी, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

१९५२ ते १९६३ ते राजघराण्याचे लॉर्ड चेंबरलेन होते. नाटकांना प्रयोगापूर्वी परवानगी देणे हेही त्या पदाचे काम असे. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. १९५८पासून अखेरपर्यंत ते डरहॅम विद्यापीठाचे कुलपती होते. वयाच्या ७२व्या वर्षी त्यांचे निधन झाले; त्यांचे पुत्र रिचर्ड हे १२वे अर्ल झाले.