रुग्णाच्या खाटेपाशी आलेला प्रतिध्वनी

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्हा ओलांडताना महागावला स्पर्श करतो. कापूस आणि सोयाबीनचा हा तालुका. महामार्गावर भरधाव वाहने आणि आतल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, बैलगाड्या, दुचाकी असा येथील रहदारीचा संसार. अशा ठिकाणी ट्रॉलीवरून पडलेले, बैलाचे शिंग लागलेले किंवा सायकलच्या हँडलवर पोट आपटलेले मूल आईवडील उचलून दवाखान्यात आणतात, तेव्हा अनेकदा अंगावर जखमेची खूणही नसते. मूल रडून थकलेले असते, थोडे निस्तेज दिसते, एवढेच. समोरच्या डॉक्टराला प्रश्न एकच पडलेला असतो. या मुलाच्या पोटात रक्त साचते आहे काय?

पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त असते साधारण बाराशे मिलिलिटर. पाण्याच्या एका मोठ्या बाटलीहून जेमतेम अधिक. शिवाय मुलांचे शरीर फसवे असते. रक्त वाहून जात असतानाही रक्तवाहिन्या आवळून ते रक्तदाब बराच काळ टिकवून धरते आणि मग तो एकाएकी कोसळतो. म्हणजे रक्तदाब उतरण्याची वाट पाहणारा डॉक्टर उशिरा जागा होतो. यवतमाळ आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालये महागावपासून जवळ नाहीत. मूल पुढे पाठवायचे की येथेच निरीक्षणाखाली ठेवायचे, हा निर्णय चुकला तर त्याची किंमत मोठी असते.

या प्रश्नाचे उत्तर खाटेपाशीच, दोन-चार मिनिटांत, सुई न टोचता आणि क्ष-किरणांचा मारा न करता शोधू पाहणारे एक यंत्र आहे. आपण त्याला सोनोग्राफी म्हणतो आणि गरोदर स्त्रीशी त्याचे नाते जोडून मोकळे होतो. ज्या माणसाने हे यंत्र कारखान्यातून रुग्णालयात आणले, तो स्त्रीरोगतज्ज्ञच होता. परंतु त्याने यंत्राला विचारलेला पहिला प्रश्न गर्भाविषयी नव्हता. पोटातली वस्तू द्रव आहे की घन, असा तो साधा प्रश्न होता.

त्या माणसाचे नाव इयान डोनाल्ड. जन्म २७ डिसेंबर १९१०, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात. घराणे मात्र स्कॉटिश डॉक्टरांचे. आई पियानोवादक होती आणि संगीताची ही आवड मुलातही उतरली. वडिलांची प्रकृती बरी नसल्याने कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे १९२७ मध्ये घटसर्पाने घर गाठले. आई गेली आणि काही महिन्यांत वडीलही गेले. इयान तेव्हा सतरा वर्षांचेही नव्हते. मागे राहिलेल्या भावंडांना घरच्या एका विश्वासू बाईने सांभाळले. केपटाऊनला कला शाखेची पदवी घेऊन ते इंग्लंडला परतले आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून १९३७ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पुढे ते चार मुलींचे वडील झाले. आपल्याकडे या यंत्राचा जो इतिहास घडला, तो पाहता हा तपशील मनातून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. पेटलेल्या बॉम्बफेकी विमानात, पोटात बॉम्ब तसेच असताना, शिरून त्यांनी आतल्या सैनिकांना बाहेर काढले. या धैर्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. जखमी माणसापाशी एकेक मिनिटाचे मोल काय असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज उरली नसावी. याच काळात रडार आणि पाणबुड्यांचा माग काढणारी ध्वनियंत्रणा त्यांच्या पाहण्यात आली. लहर पाठवायची, ती आदळून परत येण्याची वाट पाहायची आणि लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर ओळखायचे, हे तत्त्व त्यांच्या मनात रुजले.

युद्धानंतर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांनी श्वास न घेणाऱ्या नवजात अर्भकांसाठी श्वसनयंत्रे तयार केली. यंत्रांचा त्यांना छंदच होता. सहकारी गमतीने त्यांना वेडा डोनाल्ड म्हणत, ते यामुळेच. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ग्लासगो म्हणजे जहाजे आणि बॉयलर बांधणारे शहर. तेथील कारखान्यांत धातूच्या जोडात तडा आहे काय, हे पाहण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची उपकरणे वापरली जात. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या या लहरी पोलादातला दोष दाखवत असतील, तर पोटातली गाठ का दाखवणार नाहीत?

बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीच्या एका संचालकाची पत्नी त्यांची रुग्ण होती. त्या ओळखीतून कारखान्याचे दार उघडले. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड रेनफ्र्यू येथील कारखान्यात पोहोचले, तेव्हा दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी होत्या. काही गर्भाशयातील घट्ट गाठी, काही बीजांडकोषातील द्रवाने भरलेल्या. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. कामगारांना तो देखावा कसा वाटला असेल, याची कल्पनाच करावी. निकाल स्पष्ट आला. द्रवाने भरलेल्या गाठीतून लहर विनाअडथळा जात होती आणि पलीकडच्या भिंतीवरून परतत होती. घन गाठ मात्र आतूनच प्रतिध्वनी देत होती. द्रव आणि घन यांची सही वेगळी आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पुढची वाटचाल सोपी नव्हती. उसने आणलेले उपकरण ओबडधोबड होते आणि पडद्यावर चित्र नव्हे, नुसत्या उंचसखल रेषा दिसत. केल्विन अँड ह्यूज कंपनीतील टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या कानावर आले, की कोणी एक प्राध्यापक धातूचे दोष शोधणारे यंत्र माणसांवर चालवतो आहे. त्याने टेलिफोनच्या यादीत क्रमांक शोधून डोनाल्ड यांना सरळ फोन लावला. ब्राउन, डोनाल्ड आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन मॅकव्हिकर या तिघांनी द्विमितीय चित्र देणारे यंत्र बांधले. त्याच्या पहिल्या अवताराचा सांगाडा होता रुग्णालयातून उसना घेतलेला, खाटेवर सरकवायचा जेवणाचा टेबल. खाटेपाशी वापरायचे यंत्र जन्मलेही खाटेपाशीच!

याच सुमारास शल्यचिकित्सा विभागात एक स्त्री मरणोन्मुख अवस्थेत होती. जठराचा कर्करोग आणि त्यामुळे झालेला जलोदर असे निदान झाले होते आणि शस्त्रक्रियेची आशा सोडण्यात आली होती. डोनाल्ड यांनी तिच्या पोटावर यंत्र फिरवले. पोटात पसरलेले पाणी असते तर प्रतिध्वनी वेगळे आले असते. येथे तर एकाच मोठ्या पिशवीच्या कडा दिसत होत्या. ती बीजांडकोषाची गाठ निघाली. ती काढण्यात आली आणि ती स्त्री बरी झाली. त्यानंतर डोनाल्ड यांच्या यंत्राला हसणारे कमी झाले. ७ जून १९५८ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

न्यायाने सांगायचे तर या शोधाचे जनकत्व एकट्या डोनाल्ड यांच्याकडे जात नाही. अमेरिकेत जॉन वाइल्ड, स्वीडनमध्ये हृदयाच्या तपासणीसाठी एडलर आणि हर्ट्झ हे त्याच वाटेवर होते. परंतु रोजच्या रुग्णतपासणीत हे यंत्र रुळवले ते ग्लासगोने. १९६३ मध्ये डोनाल्ड यांच्या लक्षात आले, की भरलेले मूत्राशय ही एक खिडकी आहे आणि तिच्यातून ओटीपोटातले सारे स्वच्छ दिसते. आज जखमी मुलाची तपासणी करणारा डॉक्टरही मूत्राशय रिकामे होण्यापूर्वीच तेथे पाहून घेतो, कारण त्याच्यामागे साचलेले थोडेसे रक्तही तेव्हाच नजरेस पडते.

डोनाल्ड यांची स्वतःची प्रकृती त्यांना साथ देत नव्हती. हृदयावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी काम थांबले नाही. स्वभाव तापट, मते ठाम. गर्भपाताला मोकळीक देणाऱ्या १९६७ च्या ब्रिटिश कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला आणि त्यासाठी आपल्याच यंत्राने टिपलेली गर्भाची चित्रे लोकांपुढे ठेवली. त्यांची ही भूमिका सर्वांना पटणारी नव्हती. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जून १९८७ रोजी एसेक्समध्ये निधन पावले.

जखमींच्या पोटातले रक्त शोधण्यासाठी या यंत्राचा वापर युरोपात १९७१ च्या सुमारास सुरू झाला होता. पुढे जर्मनीत शल्यचिकित्सकच ते हाताळू लागले आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत या तपासणीला ‘फास्ट’ हे नाव मिळाले. चार जागा पाहायच्या. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये, डावीकडे प्लीहेपाशी, ओटीपोटात मूत्राशयामागे आणि हृदयाभोवती. ताजे वाहते रक्त प्रतिध्वनी देत नाही, म्हणून पडद्यावर काळी पट्टी उमटते. रेनफ्र्यूच्या कारखान्यातला तोच प्रश्न, द्रव की घन, येथे अपघातग्रस्त मुलाच्या पोटाला विचारलेला असतो.

पण मुलांच्या बाबतीत हे उत्तर अर्धेच असते, आणि हे उत्साही मंडळींनी विसरू नये. मुलाचे यकृत किंवा प्लीहा फाटूनही पुष्कळदा रक्त आवरणाच्या आतच राहते आणि पोटात मोकळा द्रव दिसत नाही. कॅलिफोर्नियात रक्ताभिसरण स्थिर असलेल्या ९२५ जखमी मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या तपासणीमुळे सीटी स्कॅनचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. काळी पट्टी दिसली तर ती खरी मानून धावपळ करावी. दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. हाडांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात २७० मुलांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनगटाजवळच्या संशयित अस्थिभंगासाठी खाटेपाशी केलेली सोनोग्राफी क्ष-किरणांपेक्षा उणी ठरली नाही.

मग महागावसारख्या ठिकाणी हे यंत्र प्रत्येक आकस्मिक विभागात का नसावे? याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका दुखण्यात आहे. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, डोनाल्ड यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो कडक करण्यात आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. चार मुलींच्या वडिलांनी घडवलेले यंत्र येथे मुली वेचून काढण्यासाठी वापरले गेले. त्यामुळे यंत्र, जागा आणि हाताळणारा डॉक्टर या सर्वांची नोंदणी आली आणि २०१२ मध्ये हातात नेता येण्याजोग्या यंत्रांवर आणखी बंधने आली. ते नोंदणीकृत जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरावे किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग असावे, असा नियम झाला.

हे निर्बंध अनाठायी होते असे म्हणण्याचे धाडस वरील आकडे पाहून कोणी करू नये. कायद्याने जखमी मुलाच्या पोटाची तपासणी निषिद्धही केलेली नाही. परंतु भीती कायद्यापेक्षा लांबवर पोहोचते. जेथे यंत्र असते तेथेही ते बहुधा दुसऱ्या खोलीत, नोंदणी असलेल्या डॉक्टराच्या वेळेनुसार चालते आणि रात्री अपघातकक्षात उभा असलेला तरुण अधिकारी त्याला हात लावायला कचरतो. नोंदणीच्या त्याच चौकटीत आकस्मिक विभागाचे यंत्र आणि तेथील प्रशिक्षित डॉक्टर बसवता येतात. त्यासाठी कायदा सैल करावा लागत नाही, अर्ज वेळेवर करावे लागतात.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि महागावहून यवतमाळ गाठण्याचे साधन मिळाले. ती बोलवायची केव्हा, हे खाटेपाशीच ठरायचे असते. यकृतामागे काळी पट्टी दिसली, तर रक्ताची सोय करायला आणि शल्यचिकित्सकाला तयार ठेवायला फोन गाडी निघण्याआधीच जातो. पट्टी दिसली नाही, तरी मुलाला लगेच घरी धाडायचे नाही. नाडी मोजत राहायची आणि काही वेळाने पुन्हा पोटावर हात, पुन्हा यंत्र.